निवारा आणि विद्या

ज्या विद्यार्थ्यास रात्री पाठ टेकण्यास जागा नाही, त्यास शाळेचे दार उघडे असून काय उपयोग? हा प्रश्न नवा नव्हे. पूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थी शहरात येऊन वार लावून जेवीत, माधुकरी मागत आणि देवळाच्या ओवरीत निजत. ते जिणे कष्टाचे खरे. परंतु इतर जातींच्या मुलांस तेवढाही आधार नव्हता.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमके हेरले. १९०१ साली तेथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन वसतिगृहही झाले. पुढे लिंगायत, मुसलमान आदींची झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले ते १९१७ साली. निवारा आधी आणि सक्ती मागाहून, हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

मात्र जातवार वसतिगृहांस दुसरीही बाजू होती. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ती सांगणे अवघड, म्हणूनच सांगतो. भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत जैन वसतिगृहात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते जाऊन आले, तेव्हा शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांस सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि त्यांस वसतिगृह सोडावे लागले. महाराजांनी आश्रय दिला म्हणून निभावले. ज्याचा निवारा असा गेला, त्यानेच १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही. त्या माउलीचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही, हे जाता जाता नोंदवितो.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, ही सबबही चालत नाही. तरीही पालावरच्या मुलांस ‘आधी दाखला आणा’ असे सांगून परत धाडलेले आम्ही नोकरीत असताना पाहिले आहे. ऊसतोडीस आईबाप गेल्यावर मुले गावीच राहून शिकावीत म्हणून आपल्या राज्यात हंगामी वसतिगृहे निघाली, ही सोय उत्तम. पण कायद्याचा हक्क वयाच्या १४ व्या वर्षापर्यंतचा. शाळा गावाबाहेर जाते ती नेमकी त्याच सुमारास.

आपल्या मंडळाच्या वसतिगृहाच्या अर्जात ‘कायमचा पत्ता’ आणि ‘पोटजात’ हे दोन रकाने अद्याप आहेत. येत्या वार्षिक सभेत ते गाळण्याची सूचना आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.