पाटीवरचे नाव

बहाई धर्म सोडून जाणाऱ्याला कोणी वाळीत टाकत नाही. वाळीत पडतो तो स्वतःला बहाई म्हणवत नेतृत्वालाच आव्हान देणारा. तो ‘करार मोडणारा’ ठरतो आणि मग श्रद्धावंतांनी त्याच्याशी संबंधच ठेवायचा नसतो. हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय अहमद सोहराब यांचे प्रकरण उलगडत नाही, असे माझे मत आहे.

सोहराब मूळचे इराणी. धर्मप्रमुख अब्दुल-बहा यांचे चिटणीस आणि दुभाषे. १९१२ च्या अमेरिका दौऱ्यात ते त्यांच्यासोबत होते. १९२१ मध्ये अब्दुल-बहा हैफा येथे वारले. मृत्युपत्रानुसार नातू शोगी एफेंदी धर्मरक्षक झाले आणि निवडून आलेल्या सभांची शिस्त घट्ट होत गेली. सोहराबांचे बिनसले ते इथे. १९२९ मध्ये त्यांनी ज्युली चॅन्लर यांच्या साथीने न्यूयॉर्कमध्ये ‘न्यू हिस्टरी सोसायटी’ काढली. तिच्यावर सभेची देखरेख मात्र त्यांना नको होती. पुढे ते बहिष्कृत झाले.

तरी त्यांनी धर्म सोडला नाही. उलट बहाई नावाने पुस्तकांचे दुकान थाटले! पाटीवरचे ते नाव राष्ट्रीय सभेला खुपले, प्रकरण न्यायालयात गेले. १९४१ मध्ये सभेचा दावा फेटाळला गेला: धर्माच्या नावावर कोणाला मक्तेदारी सांगता येणार नाही. निकालाने पाटी वाचली. बहिष्कार उठवणे न्यायालयाच्या कक्षेतच नव्हते. माझ्या लेखी सोहराबांची खरी शिक्षा तीच.

१९४२ मध्ये ‘ब्रोकन सायलेन्स’ या पुस्तकात त्यांनी आपली बाजू मांडली. १९५८ मध्ये ते वारले, बहिष्कृतच.