सोन्यापायी अर्धी राहिलेली गिरणी

आमच्याकडं गिरणी म्हटलं की दळणाची. लाकूड कापायचं ते वखारीत. ही दोन्ही कामं नदीच्या पाण्यावर करायचा घाट एकाच माणसानं घातला होता, हे मला कॅलिफोर्नियात लेकीकडं गेलो तेव्हा कळलं. तिनं अमेरिकन नदीकाठचं कोलोमा गाव दाखवलं.

जॉन सटर १८३९ साली सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात आला. त्यानं गढी बांधली, गहू पेरला. गहू पिकला की पिठाची गिरणी हवी, अन् ती बांधायची तर फळ्या हव्यात. म्हणून गढीपासून सत्तरेक किलोमीटरवर, जंगलाजवळ, १८४७ साली करवतीची गिरणी उभी राहू लागली. काम जेम्स मार्शल या सुताराकडं होतं.

चाकाखालचं पाणी काढून देणारा पाट उथळ पडला. पुढं पाणी तुंबलं की चाक अडतं, हे कुणाही शेतकऱ्याला सांगायला नको. मग दिवसा खणायचं आणि रात्री पाणी सोडून गाळ वाहू द्यायचा, असं चाललं. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी मार्शल पाट बघायला गेला, तर तळाशी पिवळं चमकलं. सोनं!

मार्चमध्ये करवत फिरली, फळ्याही निघाल्या. पण कामकरी सोन्यामागं पळाले आणि पिठाची गिरणी अर्धीच राहिली. ज्या गव्हासाठी एवढा खटाटोप केला, तो कापायलाही माणसं मिळेनात. सटर आणि मार्शल, दोघांच्याही हाती शेवटी काही उरलं नाही. आज कोलोमाला दिसते ती नंतर बांधलेली प्रतिकृती.

त्यांच्याही आधी तिथं दळण होतंच. निसेनान बाया खडकात कोरलेल्या उखळांत ओकची फळं कुटायच्या, पाण्यानं पिठाचा कडूपणा काढायच्या. सटरच्या शेतात याच लोकांना राबवलं गेलं, पुष्कळदा बळजबरीनं. सोन्याच्या लोंढ्यात त्यांचं रानही गेलं. कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी तेव्हा अंदाजे दीड लाख होते. १८७० च्या सुमारास तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि सरळसरळ कत्तली.

आमच्या आज्जीचं जातं गिरणी आल्यावर कोपऱ्यात गेलं, पण आज्जी घरातच राहिली. तिथं उखळ राहिलं आणि कुटणारी गेली. त्या गिरणीची कथा सांगताना ही उखळंही धरूनच सांगायला हवी.