घाट, रेडिएटर आणि डिकीतला पाण्याचा डबा

भिसेगाव म्हणजे कर्जत स्टेशनला अगदी चिकटलेलं गाव. मुंबई-पुणे करणाऱ्या बहुतेकांना हे नाव ठाऊक नसतं, पण तिथे घडणारी एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. गाडी थांबते, लोक वडापाव घ्यायला धावतात आणि तेवढ्यात मागून एक हलकासा धक्का बसतो. बँकर लागला! कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर आणि घाटात चढ ३७ फुटांना १ फूट. एकटं इंजिन बऱ्याच गाड्यांना पुरत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. या लोहमार्गाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली तो खुला झाला.

रेल्वेचं ठीक आहे हो, पण शेजारच्या बोरघाटातून, म्हणजे १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या काळात गाड्यांसाठी झालेल्या रस्त्याने वर जाणाऱ्या मोटारवाल्याला मागून ढकलणार कोण? त्याच्याकडे एकच इंजिन, आणि ते तापायचं.

गंमत अशी की वाफेच्या इंजिनात पाणी उकळणं हेच काम असतं. पेट्रोलच्या इंजिनात मात्र पाणी उकळलं की तो आजार.

आता जरा आकडेमोड (इंजिनियरची खोड, ह. घ्या.). माणसांसकट १२०० किलोची गाडी, चढण साधारण ५०० मीटर. नुसतं वजन वर न्यायला लागतात सुमारे ६० लाख ज्यूल. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर पेट्रोल जाळायचं याच्या चौपट, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता जाते पाण्यात. रेडिएटर नसताच आणि ही सगळी उष्णता पाणी उकळवूनच घालवायची असती, तर साडेतीन लिटर पाण्याची वाफ झाली असती. काका-मामांच्या डिकीत तो पाच लिटरचा डबा उगाच नसायचा!

रेडिएटर असूनही पाणी का उकळायचं? कारण घाटात दोन्ही बाजूंनी मार. भार जास्त म्हणून उष्णता जास्त, आणि वेग कमी म्हणून समोरून येणारा वारा कमी. त्यात अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी वगैरेंचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर. इंजिन जेवढं फिरेल तेवढाच तो फिरणार. ट्रकमागे अडकून मंद चढायचं म्हटलं की पंखाही मंद. खरं तर विल्हेल्म मायबाखने १९००-०१ च्या मर्सिडीजमध्ये ८,०७० बारीक नळ्यांचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला, तेव्हाच मोठा प्रश्न सुटला होता. पण नळ्या बारीक म्हणजे तुंबायलाही सोप्या, आणि आपण त्यात ओतायचो विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी! क्षार साचणार नाहीत तर काय होईल?

यावरचा उपाय कधीचा सापडलेला होता. इथिलीन ग्लायकॉल वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा बनवलं ते १८५६ साली. हो, तेच घाटाचं काम सुरू झालं ते साल. गाड्यांसाठी ते बाजारात आलं १९२७ मध्ये, अमेरिकेत, ‘अँटीफ्रीझ’ म्हणून. या नावानेच आपला घात केला. कर्जतला कुठे बर्फ पडतोय, मग ते हवंय कशाला? पण आपल्याला त्याचे दुसरे दोन गुण हवेत. एक, त्यातली रसायनं गंज रोखतात. दोन, अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल, वर दाब धरणारं झाकण, असं असलं की उकळबिंदू शंभरावरून १२५ च्याही पुढे जातो. (नुसतं ग्लायकॉल ओतू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे.)

मग बंदिस्त कूलंट आलं, विजेवरचा पंखा आला, २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि डबा डिकीतून गेला. त्याच्याबरोबर बघायची सवयही गेली, आणि हे मला खटकतं. पूर्वी खोपोलीला चहा घेताना ड्रायव्हर बॉनेट उघडायचाच. पाणी किती, गंजाचं लाल आलंय का, पाइप फुगलाय का, पट्टा सैल आहे का, हे पाच मिनिटांत बघून व्हायचं. ती तपासणीच होती, फक्त तिला कोणी तपासणी म्हणत नव्हतं. आता कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटासुद्धा नाही, नुसता दिवा. तो लाल झाला म्हणजे उशीर झालेला असतो. लाँग वीकेंडला बोरघाटात रांग लागते आणि कडेला बॉनेट उघडून गाड्या उभ्या राहतात, त्यात नव्या गाड्याही असतात.

तेव्हा विकांताला घाट चढायच्या आदल्या दिवशी, इंजिन पूर्ण गार असताना बघा. बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. रंग हिरवा की गुलाबी याला फारसा अर्थ नाही, तो कंपनीचा असतो. गढूळ आहे का ते बघा. तपकिरी म्हणजे गंज. दुधाळ किंवा तेलकट साय दिसली तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या आणि घाटात जाऊच नका. पातळी महिन्या-महिन्याला उतरत असेल तर वर ओतत बसण्यापेक्षा गळती शोधा. पाइप दाबून बघा, तडे गेलेला किंवा पिळपिळीत झालेला बदला. आणि कूलंट जुनं झालं की रंग तोच राहतो, पण गंज रोखणारी रसायनं संपलेली असतात. म्हणून ते पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीला बदलायचं, नजरेच्या अंदाजाने नाही.

आणि काटा चढायला लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण सुरू (हो, मे महिन्यातसुद्धा, कारण तोही एक छोटा रेडिएटरच आहे) आणि सुरक्षित जागा दिसली की बाजूला. वाफ यायला लागली असेल तर इंजिन लगेच बंद. झाकणाला निदान अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. आत शंभराच्या वरचं पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. झाकण सैल केलं की ते क्षणात उसळून तोंडावर येतं.