लोकरीच्या लडी आणि रेल्वेचे दिवे

डोळ्याच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी एखादा प्रकार जन्मतःच नसला किंवा सदोष असला, तर बहुधा लाल आणि हिरव्यातला भेद पुसट होतो. दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे तो मुख्यतः पुरुषांत दिसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे 8 टक्के आहे. रेल्वे येईपर्यंत त्यापायी कोणाचे फारसे अडत नव्हते.

या दोषाचे पहिले नीटस वर्णन रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने 1794 मध्ये मँचेस्टरमध्ये केले, तेही स्वतःच्याच डोळ्यांवरून. आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा, अशी त्याची समजूत होती. 1844 मध्ये तो वारल्यावर त्याच्याच इच्छेनुसार डोळा उघडला, तर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या अवशेषांतील डीएनए 1995 मध्ये तपासला, तेव्हा मधल्या लांबीच्या प्रकाशलहरी टिपणारे रंगद्रव्यच त्याच्या डोळ्यांत नव्हते, असे दिसले.

रेल्वेत दिवसा सिग्नलचा हात वर आहे की खाली हे दिसे. रात्री मात्र सारी भिस्त दिव्याच्या रंगावर. एडिंबरोच्या जॉर्ज विल्सन यांनी 1855 मध्येच हा धोका दाखवून दिला होता, पण कंपन्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. नोव्हेंबर 1875 मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि नऊ जण दगावले. उप्साला विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक फ्रितिऑफ होल्मग्रेन यांनी संशय रंगांधळेपणावर घेतला. इंजिनचालक अपघातातच गेल्याने त्याचे डोळे तपासणे शक्यच नव्हते आणि अलीकडच्या अभ्यासकांना तो निष्कर्ष कच्चा वाटतो. पण तपासणीची प्रथा रुजली ती याच अपघातामुळे. 1876 मध्ये होल्मग्रेन यांनी 266 रेल्वे कर्मचारी तपासले. 13 जण रंगांधळे निघाले.

त्यांची पद्धत स्वस्त होती आणि चतुरही. टेबलावर नाना छटांच्या लोकरीच्या लडींचा ढीग असे. त्यातली एक फिकट हिरवी लड बाजूला काढून तिच्याशी जुळणाऱ्या, फिकट वा गडद, साऱ्या लडी उमेदवाराने निवडायच्या. रंगाचे नाव विचारायचेच नाही. गवत हिरवे आणि रक्त लाल हे रंगांधळ्यालाही ऐकून पाठ असते. तोंडी परीक्षेत तो सहज निभावून जाई. लडी निवडताना मात्र त्याचा हात करड्या, पिवळट-तपकिरी किंवा गुलाबी लोकरीकडे जाई आणि पितळ उघडे पडे. मग गुलाबी-जांभळी लड पुढे येई. तिच्याशी निळी किंवा जांभळी जुळवणारा ‘लाल-अंध’, हिरवी किंवा करडी जुळवणारा ‘हिरवा-अंध’.

तरीही सौम्य दोषाचे काही जण लोकरीच्या परीक्षेतून निसटत आणि दूरच्या बारीक दिव्यापाशी फसत. म्हणून एड्रिज-ग्रीन यांच्यासारख्यांनी कंदिलाची परीक्षा आणली; तीत रंगीत काचांमागचा दिवा अंधारात ओळखायचा असे. ठिपक्यांत आकडा दडवलेली शिनोबू इशिहारा यांची चित्रे 1917 मध्ये टोकियोत निघाली. ती मुळात सैन्यभरतीसाठी केलेली. पुढे जगभर पसरली. भारतीय रेल्वेत लोको पायलटच्या वैद्यकीय तपासणीत इशिहारा चित्रे आणि एड्रिज-ग्रीन कंदील हे दोन्ही वापरात आले.