पाकिटावरचा डास

परवा जुन्नरला आत्याकडे माळा आवरताना आजोबांच्या नावचं एक जुनं पाकीट सापडलं. वर पंधरा नव्या पैशांचं तिकीट, त्यावरच्या चिन्हात चक्क डास! ७ एप्रिल १९६२ ला मलेरिया निर्मूलनासाठी काढलेलं. तेव्हा गावोगावी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारत.

माझ्या कीटकांच्या वहीत हे लावताना गंमत वाटली. डास आला तो शत्रू म्हणून. १९८० ला मधमाशी आली, कामाची म्हणून. १९८१ ला फुलपाखरं आली, ती नुसती देखणी म्हणून!

पाकिटावर पत्ता जुन्या आंबेगावचा. ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे.

तिकीट सोडवायला पाकीट पाण्यात भिजवतात. हे मात्र मी कोरडंच ठेवलंय.