हात चोळणाऱ्या दोन मुली

"डॉक्टर, ती बोलत होती हो. आता बोलत नाही."

लहान मुलांच्या बाबतीत ही तक्रार आणि "अजून बोलायला लागली नाही" ही तक्रार, या दोन्ही घरच्यांना सारख्याच वाटतात. आजी म्हणते, हिचा मामाही उशिरा बोलला होता. पण मुळात न आलेली गोष्ट वेगळी आणि आलेली गोष्ट निघून जाणं वेगळं. हा फरक डॉक्टरांनाही पूर्वी नीट कळत नव्हता. तो कळायला ज्यांची मोठी मदत झाली, त्या डॉ. हुदा झोग्बी यांची ही गोष्ट.

झोग्बी मूळच्या लेबनॉनच्या. बैरूतला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना तिथे यादवी युद्ध सुरू झालं. आईवडिलांनी मुलांना काही महिन्यांपुरतं अमेरिकेला पाठवलं. परतीची वाट बंद झाली, म्हणून उरलेलं शिक्षण त्यांनी नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजातून पुरं केलं. पुढे टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात त्या बालरोग आणि मग लहान मुलांचे मेंदूविकार शिकू लागल्या.

१९८३ मध्ये तिथे एक छोटी मुलगी तपासायला आली. जन्म नीट, पहिली दोन वर्षं नीट, बोलत-खेळत होती. मग एकेक गोष्ट हातातून सुटत गेली: शब्द गेले, खेळणं धरणं गेलं, चाल बिघडली. राहिली ती एकच हालचाल. साबण लावून धुवावेत तसे दोन्ही हात ती सतत एकमेकांवर चोळत होती. आठवड्याभरातच झोग्बींनी दुसरी मुलगी पाहिली. तिच्या केसपेपरवर 'सेरेब्रल पाल्सी' असं लिहिलेलं होतं, पण हात तसेच चालू होते. मग त्यांनी जुन्या फायली चाळल्या, तेव्हा निरनिराळ्या नावांखाली पडून राहिलेल्या अशा आणखी काही मुली सापडल्या.

खरं तर हे सगळं व्हिएन्नाच्या डॉ. आंद्रेआस रेट यांना १९५४ मध्येच दिसलं होतं, आणि तेही दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये! दोन मुली एकाच वेळी तिथे बसलेल्या आणि दोघींचे हात तसेच हलत होते. एकच मुलगी आली असती तर कदाचित लक्षही गेलं नसतं. रेट यांनी १९६६ मध्ये त्यावर लिहिलं, पण जर्मनमध्ये, त्यामुळे बाहेर फारसं कोणी वाचलं नाही. रक्तात अमोनिया वाढतो असंही त्यांनी लिहिलं होतं, ते पुढे चूक ठरलं. १९८३ मध्ये स्वीडनचे डॉ. बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन देशांतल्या ३५ मुलींची माहिती इंग्रजीत छापली आणि आजाराला 'रेट सिंड्रोम' हे नाव दिलं. झोग्बींची ती पहिली मुलगी आली ती त्याच वर्षी.

तोवर झोग्बींना संशोधक व्हायचं नव्हतं, रोग्यांना तपासायचं होतं. पण तपासून पुढे काय करायचं? निदानाला नाव मिळालं तरी आईवडिलांना सांगण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून १९८५ मध्ये त्या प्रयोगशाळेत शिरल्या, जनुकशास्त्र अगदी पहिल्यापासून शिकल्या आणि रेटचं जनुक शोधायला निघाल्या.

अडचण अशी की, आनुवंशिक आजाराचं जनुक शोधायचं तर एकाच घराण्यात बरेच रोगी लागतात. रेट तर जवळजवळ नेहमी घरात एकाच मुलीला होतो. त्यामुळे हा जनुकाचा आजारच नाही, असं म्हणणारेही बरेच होते. झोग्बींचा मुद्दा साधा होता: मुलींनाच होतो आणि सगळ्यांत सारखाच दिसतो, म्हणजे कारणही एकच असणार, आणि ते एक्स गुणसूत्रावर असणार. मध्यंतरी, १९९३ मध्ये, त्यांनी हॅरी ऑर यांच्यासोबत तोल जाण्याच्या एका आनुवंशिक आजाराचं जनुक शोधून काढलं. ते यश एरवी एखाद्याला जन्मभर पुरलं असतं. पण रेटचं काम त्यांनी सोडलं नाही. ज्या मोजक्या कुटुंबांत दोन रोगी होते त्यांच्यावरून एक्स गुणसूत्राचा टोकाकडचा भाग ठरला आणि तिथलं एकेक जनुक तपासत गेल्यावर १९९९ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या मुलीनंतर सोळा वर्षांनी, त्यांच्या गटातल्या रूथी अमीर यांना बिघाड सापडला. जनुकाचं नाव एमईसीपी-२.

हे जनुक मेंदूच्या पेशींमधल्या इतर असंख्य जनुकांवर देखरेख ठेवतं. मुलींमध्ये एक्स गुणसूत्रं दोन असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांतलं एक बंद असतं. त्यामुळे रेटच्या मुलीच्या काही पेशी चांगल्या, काही बिघडलेल्या असतात आणि ती जगते. मुलाकडे एक्स एकच, म्हणून त्याला हा बिघाड बहुधा फार जड जातो.

आता आपल्याकडे ज्याची सर्वांत जास्त गरज आहे ती माहिती. हा बिघाड बहुतेक वेळा आईकडून आलेला नसतो. तो नव्यानेच घडलेला असतो, आणि तोही बहुतांशी वडिलांच्या शुक्रपेशीत. त्यात वडिलांचाही काही दोष नाही, कॉपी करताना अक्षर चुकावं तशी ती चूक असते. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, कोणाची नजर लागली, याचा काडीचाही संबंध नाही. तरी अशा घरात गप्प मान खाली घालून बसलेली असते ती आईच. पुढच्या मुलाला हाच आजार होण्याची शक्यता सहसा एक टक्क्याहूनही कमी असते. तरीही जनुकतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा.

मी एमडी करत होतो त्या काळात मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत रेट हा ऑटिझमच्या शेजारी बसवलेला होता. २०१३ च्या आवृत्तीत तो काढला गेला, कारण त्याचं कारण कळलं होतं. पण मेंदूचा आजार वेगळा आणि मनाचा वेगळा, ही आपली वाटणी किती कच्ची आहे हेही याच कामातून दिसलं. २०१० मध्ये झोग्बींच्या गटाने उंदरांच्या मेंदूत फक्त 'ब्रेक' लावणाऱ्या पेशींमधून हे जनुक काढलं, तर उंदीर ऑटिझमसारखं वागू लागले. हेच जनुक जास्त झालं तरीही आजार होतो. आमटीत मीठ कमी पडलं तर एक तऱ्हा, जास्त झालं तर दुसरी! म्हणूनच जनुकाची भर घालणारे उपचार फार जपून करावे लागतात.

२००७ मध्ये एड्रियन बर्ड यांनी आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केलं आणि ते बऱ्याच अंशी सुधारले. म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. माणसांत अजून तसं झालेलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली. त्याने काही मुलींना थोडा फायदा होतो, जुलाबाचा त्रास बराच होतो, आजार मुळातून जात नाही. बाकी भर फिजिओथेरपी, फिट्सची औषधं, पाठीच्या कण्याकडे लक्ष आणि डोळ्यांनी बोलायला शिकवणं यावर. या मुली नजरेने पुष्कळ सांगतात.

२०२१ मध्ये झोग्बींच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. लक्षणं दिसण्याआधीच सराव करून घेतलेल्या उंदरांची ती कौशल्यं जास्त काळ टिकली. माणसांत हे सिद्ध व्हायचं आहे, पण उशीर न करण्याला एक कारण नक्कीच मिळालं.

तेव्हा आलेला शब्द गेला, धरता येणारी वाटी धरता येईना, असं दिसलं तर मामाचं उदाहरण बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. मुलगा असला तरी जा, कारण बोलणं जाण्याची इतरही कारणं असतात, काही उपचारांनी सुधारणारी. पहिल्या वाढदिवसाचा मोबाइलवरचा व्हिडिओ आठवणीने सोबत न्या. पूर्वी ती काय करत होती, हे त्यात डॉक्टरांना दोन मिनिटांत दिसतं.