एस. एफ. पोर्टर कोण?

अर्थशास्त्राच्या इतिहासात सिद्धान्त मांडणारांची नावे राहतात. ते सिद्धान्त घरच्या जमाखर्चाच्या वहीपर्यंत नेऊन पोचविणारांची सहसा राहत नाहीत. अमेरिकेतील सिल्व्हिया पोर्टर ही त्या दुसऱ्या वर्गातली. १९३५ साली 'न्यूयॉर्क पोस्ट' या दैनिकात तिचे अर्थविषयक लेखन सुरू झाले, पण वर नाव छापले जाई ते 'एस. एफ. पोर्टर' असे. वाचक समजत, हे कोणी पोक्त पेढीवाले गृहस्थ असावेत. प्रत्यक्षात ती होती बावीस वर्षांची तरुणी!

लाँग आयलंडवरील पॅचोग या गावी १९१३ साली एका डॉक्टरांच्या घरी तिचा जन्म झाला. १९२५ मध्ये वडील वारले. पुढे १९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि आईने गुंतविलेले सुमारे ३०,००० डॉलर बुडाले. हंटर कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकणारी ही मुलगी अर्थशास्त्राकडे वळली ती या धक्क्याने. पैसा का गेला हे कळत नाही, याचे दुःख पैसा जाण्याहून थोडे नसते. तिचे पुढचे सारे लेखन त्या न कळण्याविरुद्ध होते, असे मला वाटते.

आरंभी तिने हात घातला तो सरकारी रोख्यांच्या व्यवहाराला. नवे रोखे निघत, तेव्हा चलाख मंडळी पदरचे फारसे न घालता मागणी नोंदवीत आणि भाव चढताच ते विकून फायदा खिशात टाकीत. तिने हा प्रकार चव्हाट्यावर मांडला, अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थॉ यांच्या खात्यालाही धारेवर धरले. मौज अशी की, बचतरोख्यांच्या बाबतीत पुढे याच मॉर्गेन्थॉसाहेबांना तिचा सल्ला घ्यावासा वाटला.

१९४२ साली तिचे पूर्ण नाव छापून येऊ लागले, सोबत छायाचित्रही. पुरुष युद्धावर गेले होते, स्त्रिया कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरल्या होत्या; जे लपवायचे तेच आता मिरविण्याजोगे झाले. यात वृत्तपत्राच्या उदारपणापेक्षा व्यवहारच मला अधिक दिसतो.

नंतरचे यश डोळे दिपविणारे आहे. शेकडो वृत्तपत्रांतून सदर, १९६० साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर चित्र, १९७५ साली हजारावर पानांचे, अफाट खपलेले 'मनी बुक'. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पण विमा, गहाण, हप्ते आणि कर यांच्या जंजाळात अंथरुणाची लांबी मोजायची कशी, ते या बाईने साध्या भाषेत सांगितले.

मात्र घरचा शहाणपणा राष्ट्राला पुरतोच असे नाही. १९७४ साली अध्यक्ष फोर्ड यांनी महागाईविरुद्ध मोहीम काढली आणि नागरिकांच्या समितीचे अध्यक्षपद तिला दिले. काटकसर करा, परसात भाजी लावा, छातीवर बिल्ला लावा! बिल्ल्यांची लवकरच थट्टा झाली. मंदी आली, बेकारी वाढली, आणि खर्च कमी करा म्हणणारा उपदेश अवेळीचा ठरला.

एव्हाना तिच्या लेखनाचा बराच भार सहायक उचलीत होते. 'मनी बुक'मध्येही त्यांचे श्रम मोठे आहेत. वाचक विश्वास टाकीत होता तो मात्र एकाच नावावर, आणि ते नाव आता पुरते उघडे, छायाचित्रासह छापलेले होते. १९७८ साली तिने 'पोस्ट' सोडून 'डेली न्यूज'ची वाट धरली; १९९१ साली ती निवर्तली.